आधी हवा भरण्याची सोय

आडवाटेने फोर बाय फोर गाडी चालवणाऱ्यांना एक गोष्ट लवकरच उमगते. इंजिनाची ताकद, लो गिअर, विंच या सगळ्यांच्या आधी उपयोगी पडते ती टायरमधून सोडलेली हवा. डांबरी रस्त्यावर ३२ पीएसआय दाबाने धावणारा टायर मऊ वाळूत १५ पर्यंत उतरवला, की त्याचा जमिनीला टेकणारा भाग ठोकळमानाने दुप्पट होतो. ही वाढ रुंदीत थोडी आणि लांबीत जास्त होते. गाडीचे वजन तेवढेच राहते, पण ते दुप्पट जागेवर पसरते. मग चाक वाळू उकरत बसत नाही, तिच्यावरून चालू लागते. खडकाळ वाटेवर हाच मऊ टायर दगडाला बिलगून पकड घेतो आणि निम्मे दणके स्वतःच पचवतो.

हे ठाऊक असूनही पुष्कळजण हवा सोडत नाहीत, आणि त्यांचे कारण रास्त असते. सोडलेली हवा परत भरायची कुठे? जैसलमेरजवळच्या सम भागात किंवा स्पितीच्या खोऱ्यात पंक्चरवाला हाकेच्या अंतरावर नसतो. कमी हवेवर डांबरावरून वेगाने निघालात, तर टायरच्या बाजू सतत दुमडून तापतात आणि टायर फाटू शकतो. त्यामुळे माणूस भरल्या टायरने वाळूत शिरतो, रुततो, चाके गरागरा फिरवतो आणि मागून येणाऱ्यांसाठी वाटही खणून ठेवतो. गाडीतच हवा भरण्याची सोय असली, की हवा सोडायला हात धजावतो. या विषयाकडे लक्ष वेधावेसे वाटते ते एवढ्यासाठी.

या विद्येला चांगली परंपरा आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी राल्फ बॅग्नोल्ड यांनी १९२९ ते १९३२ या काळात फोर्डच्या साध्या गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात मोहिमा काढल्या. टायरची हवा कमी करून वाळूच्या टेकड्या ओलांडण्याचे तंत्र त्यांनी तिथे पक्के केले. वाळूच्या हालचालीवरचा त्यांचा १९४१ सालचा ग्रंथ आजही अभ्यासला जातो. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ‘डक’ नावाचा, पाण्यात आणि जमिनीवर चालणारा ट्रक बनवला. त्याच्या चालकाला जागेवरून न उठता चाकांतली हवा कमी-जास्त करता येत असे. समुद्रातून किनाऱ्याच्या वाळूवर चढताना ती सोय मोलाची ठरली. आज थार, जिम्नी किंवा गुरखा घेऊन निघणारा हौशी चालक बोनेटखाली छोटा पंप बसवतो, तेव्हा तो याच वाटेवर पुढचे पाऊल टाकत असतो.

आता निवडीकडे वळू. ‘सगळ्यात चांगला पंप कोणता?’ या प्रश्नाने सुरुवात करू नये, अशी वाचकांना विनंती आहे. आधी आपल्याला किती लिटर हवा लागते ते काढावे. उदाहरणादाखल २४५/७५ आर १६ या मापाचा टायर घ्या. त्याच्या पोटात सुमारे ६५ लिटर जागा असते. १५ वरून ३२ पीएसआयवर यायचे, तर १७ पीएसआयची भर हवी. वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय धरला, तर हे काम सुमारे ७५ लिटर मोकळ्या हवेचे होते, आणि चारही चाकांचे मिळून ३०० लिटरचे. मिनिटाला १५ लिटर देणारा पंप त्यासाठी वीस मिनिटे घेईल, ६० लिटर देणारा पाच. हा आकडा दाबाखालचा आहे ना, एवढे मात्र पाहावे. खोक्यावर बहुधा शून्य दाबाचा आकडा छापलेला असतो आणि टायर भरत जाईल तसा पंपाचा ओघ मंदावतो.

एवढा हिशेब हाती आला, की निवड बरीचशी आपोआप होते. वर्षातून एखाददुसऱ्या वेळी वाळूत उतरणाऱ्याला सुटा, बॅटरीच्या टोकांना चिमटे लावून चालणारा पंप पुरेसा आहे. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर मात्र विसंबू नका. तिथला फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा असतो आणि मोठे जुळे पंप ५० अँपिअरच्या आसपास ओढतात. कायमचा बसवायचा असेल तर जाड तार, रिले आणि बॅटरीजवळच फ्यूज या तीन गोष्टींत काटकसर करू नये. हवा भरताना इंजिन चालू ठेवावे. पंप सलग किती वेळ चालू शकतो आणि त्याला विसावा किती लागतो, हेही विकत घेण्याआधी विचारावे.

हवेच्या टाकीविषयी मोठा गैरसमज आहे. नऊ लिटरची टाकी १५० पीएसआयपर्यंत भरली आणि ३० पर्यंत रिकामी केली, तर तिच्यातून जेमतेम ७३ लिटर हवा मिळते. म्हणजे आपल्या उदाहरणातला एक टायरसुद्धा पुरता भरत नाही. एअर लॉकर चालवायला, एअर फिल्टरवरची धूळ उडवायला किंवा रिमवरून निसटलेला टायर एका झटक्यात बसवायला टाकी उत्तम. चार चाके तिच्या भरवशावर सोडू नयेत.

कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची गोष्ट वेगळी. तो वायू आत द्रवरूपात असतो, त्यामुळे एका किलोतून पाचशे लिटरहून अधिक वायू मिळतो. पाच किलोच्या सिलिंडरवर गाड्यांचा अख्खा ताफा उभा राहील, तेही विजेशिवाय आणि आवाजाशिवाय. पण ३१ अंशांच्या वर हा वायू द्रव राहत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीच्या आत काय तापमान असते, हे सांगायला नको. सिलिंडर उभा, घट्ट बांधलेला आणि उन्हाआड हवा. तो पुन्हा भरून देणारा दुकानदार वाटेत भेटेलच असे नाही. सिलिंडरांचे नियम पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. मान्यताप्राप्त सिलिंडरच घ्यावा, एवढे पथ्य पाळाच.

इंजिनाच्या पट्ट्यावर एसीचा जुना कॉम्प्रेसर चढवून हवा काढण्याची कला जीपवाल्यांनी जोपासली. तीत यॉर्कचा कॉम्प्रेसर लाडका झाला, कारण त्याला स्वतःचे तेलाचे भांडे असते. सँडनसारख्या कॉम्प्रेसरला तेल पोहोचते ते एसीच्या गॅसबरोबर; त्यातून नुसती हवा ओढायची तर वंगणाची वेगळी तजवीज करावी लागते आणि हवेतले तेल गाळावेही लागते. ज्यांना स्वतःच्या हातांनी काम करण्याची गोडी आहे, त्यांना हा मार्ग सर्वांत जास्त आनंद देतो. ओघाच्या बाबतीत विजेचे बहुतेक पंप याच्या जवळपासही येत नाहीत.

लडाखला जाणाऱ्यांसाठी एक जादा सूचना. लेहच्या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांश उरते. घरी दहा मिनिटे घेणारा पंप तिथे पंधरा घेईल आणि तितकाच जास्त तापेल.

वाचकांनी पंपाइतकेच लक्ष काट्याकडे द्यावे. पंप चालू असताना पाइपवरचा काटा पाइपातला दाब दाखवतो, टायरमधला नव्हे. पंप थांबवा, सुई खाली येऊन स्थिर होऊ द्या, मग वाचा. पाइपच्या टोकाला व्हॉल्व्हवर फिरवून बसणारे पितळी तोंड असेल तर हात मोकळे राहतात. पंपाच्या तापलेल्या डोक्याजवळचा पहिला वीतभर पाइप जाळीदार धातूचा असावा, नुसते रबर तिथे वितळते.

पुढची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील. पण त्याआधी एका मोकळ्या सकाळी टायरच्या बाजूवरचे माप टिपून घ्या, एक चाक १८ पीएसआयपर्यंत उतरवा आणि मिळेल त्या पंपाने, घड्याळ लावून, परत भरा. तो आकडा वहीत लिहून ठेवा. पहिल्या प्रकरणातला हिशेब त्यावरूनच सुरू होतो.