पुठ्ठ्याचा हत्ती: बालशिक्षणातील एका जुन्या प्रश्नाची गोष्ट

#थ्रेड
१/९
खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात अभियंते नद्या, धरणे आणि बंदरे यांच्या लहान प्रतिकृती उभारतात, त्यांत पाणी सोडतात आणि मग खऱ्या नदीविषयी अनुमान बांधतात. १९१६ साली मुंबई इलाख्याने सुरू केलेल्या कामाचा हा वारसा. याच परिसरात एखादे मूल रिकाम्या खोक्यातून हत्ती करते, तेव्हा तेही करून पाहूनच शिकत असते.

२/९
लहान मुलांच्या हस्तकामाला शिक्षणात मानाचे स्थान दिले ते जर्मनीच्या फ्रोबेल यांनी. १८३७ साली ब्लँकेनबुर्ग येथे सुरू केलेल्या संस्थेला १८४० मध्ये त्यांनी ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालोद्यान, हे नाव दिले. कागदाच्या घड्या घालणे, कातरकाम, मातीकाम हे तेथे विरंगुळ्याचे नव्हे, अभ्यासाचेच विषय होते.

३/९
पन्हळी पुठ्ठा त्यानंतरचा. १८५६ साली इंग्लंडमध्ये उंच टोप्यांच्या अस्तरासाठी पन्हळी कागदाचे पेटंट घेतले गेले. १८७१ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट जोन्स यांनी बाटल्या सुरक्षित बांधण्यासाठी त्याचा उपयोग सुचवला. मालाच्या वेष्टनासाठी जन्मलेली ही वस्तू पुढे मुलांच्या हाती आली, ती फुकट मिणारी म्हणूनच.

४/९
साधन फुकट असणे का महत्त्वाचे, याचे उत्तर महाराष्ट्रात सापडते. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. ताराबाई मोडक पुढे त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरी पद्धतीने मुलाला स्वातंत्र्य दिले, परंतु तिची काटेकोर मापाची साधने खर्चिक होती. मग गरिबाच्या मुलाने काय करावे?

५/९
या प्रश्नाला भिडण्यासाठी ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच वस्तीच्या अंगणात गेली. खडे, शिंपले, बिया, पाने आणि माती हीच शिक्षणाची साधने ठरली. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर विस्तारले.

६/९
‘अंगणवाडी’ हा शब्द याच परंपरेतला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तो देशभर पोहोचला. बोर्डीच्या अंगणात जे स्थान शिंपल्यांना होते, ते आजच्या शहरात किराणा दुकानामागे पडलेल्या खोक्याला देता येते.

७/९
पुण्यात हा विचार अरविंद गुप्ता यांनी पुढे नेला. आयुकातील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी दशकभराहून अधिक काळ टाकाऊ वस्तूंची खेळणी केली आणि ती करण्याची कृती सर्वांना मोकळी ठेवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

८/९
आता हत्तीकडे. पुठ्ठा पन्हळीच्या दिशेने सहज वाकतो, आडवा वाकवला की मोडतो. म्हणून पायांत पन्हळी उभ्या हव्यात, तरच ते भार पेलतात. दोन तुकड्यांना खाचा देऊन ते एकमेकांत आडवे बसवले की प्राणी उभा राहतो. रंग पातळ झाला तर पुठ्ठा फुगतो. आधी खळीने वर्तमानपत्राचा थर चिकटवावा. कापणे मोठ्यांचे, फाडणे, चिकटवणे, रंगवणे मुलांचे.

९/९
येथेच तो जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. बाजारात आयते कापलेले, क्रमांक घातलेले प्राणी मिळतात. ते सुबक असतात, पण त्यांत मुलाला ठरवण्यासारखे काही उरत नाही. दिवाळीत सिंहगडाच्या पायथ्याशी मुले मातीचा किल्ला करतात, तेव्हा त्याचे बुरूज वाकडे असले तरी ते त्यांचे असतात. हत्तीचेही तसेच. तो जांभळा झाला, एका बाजूला कलला, तरी मोठ्यांनी तो सरळ करू नये. तो का कलला, हे मुलालाच शोधू द्यावे.