देवगिरी का पडली?

१२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरी लुटली, त्याचे मूळ यादवांच्या गाफीलपणात आहे, असे माझे ठाम मत आहे. कडा-माणिकपूरहून काही हजार स्वार विंध्य ओलांडून येतात आणि यादव राजा रामदेवराय जागा होतो तो शत्रू दाराशी आल्यावर! फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होती, हे खरे. पण तो परतला, लढला, तरी निकाल बदलला नाही. किल्ला चढून घेणे शत्रूला जड गेले असते. आत मात्र दाणागोटा नव्हता. इतिहासकार फिरिश्ता सांगतो, धान्याची समजून घाईघाईने गडावर नेलेली पोती उघडली, तर त्यांत मीठ निघाले. मग सोने, मोती, रेशीम देऊन तह करावा लागला. चुलता आणि सासरा असलेला दिल्लीचा सुलतान जलालुद्दीन याचा खून केल्यावर अलाउद्दीनने दिल्लीचे सरदार वळवले, ते याच सोन्यावर.