मुलींची विषयनिवड व स्थापत्यविद्येची वाट

मुलीनें शाळेंत कोणते विषय घ्यावे, हा प्रश्न महाराष्ट्रांत नवा नाहीं. १८८४ सालीं पुण्यांत मुलींचें हायस्कूल निघालें आणि थोड्याच वर्षांत तेथील अभ्यासक्रमावरून वाद माजला. मुलांना जें शिकवितात तेंच मुलींना शिकवूं नये, असें टिळकांच्या ‘मराठा’ पत्राचें म्हणणें. तर स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावें व तेंहि एकत्र द्यावें, असा आगरकरांचा आग्रह. पुढें १९१६ सालीं अण्णासाहेब कर्वे यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें. मातृभाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा मोठा उपक्रम त्यांनीं केला. परंतु त्यांच्या अभ्यासक्रमांत गृहशास्त्र व आरोग्यशास्त्र आवश्यक ठरलें, आणि गणित ऐच्छिक राहिलें. स्वतः अण्णासाहेब फर्गसन कॉलेजांत वीस वर्षांहून अधिक काळ गणिताचे प्राध्यापक होते. मुलींवरील ओझें हलकें व्हावें, हा त्यांचा हेतु निर्मळ होता. संसार, शिक्षकी व वैद्यकी एवढ्याच वाटा समोर असतां गणितावांचून फारसें कोणाचें अडत नव्हतें. परंतु जिच्या मनांत पूल, रस्ते व धरणें बांधावयाचीं आहेत, तिचें नेमकें तेथेंच अडतें.

मद्रासच्या गिंडी येथील इंजिनियरिंग कॉलेजांत १९४० पर्यंत एकहि विद्यार्थिनी नव्हती. त्या सालीं ए. ललिता यांना तेथें प्रवेश मिळाला. पंधराव्या वर्षीं विवाह, अठराव्या वर्षीं वैधव्य आणि पदरीं चार महिन्यांची मुलगी, अशी त्यांची स्थिति होती. वैद्यकीचा मार्ग मोकळा होता. परंतु अपरात्रीं रुग्णाकडे धांवावें लागलें तर लेकराकडे कोण पाहणार, या विचारानें त्यांनीं तो सोडला व विद्युत्-शाखा पत्करली. त्याआधीं मद्रासच्या क्वीन मेरीज कॉलेजांतून इंटरमीजिएट परीक्षा त्या पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाल्या होत्या. त्यांच्या पाठोपाठ लीलम्मा जॉर्ज व पी. के. त्रेसिया या दोघी स्थापत्यशाखेंत दाखल झाल्या. विद्यार्थिनी पदवी घेईल ही कल्पनाच नसल्यामुळें छापील प्रमाणपत्रावरील ‘तो’ खोडून ‘ती’ असें लिहावें लागलें, असें सांगतात. यांपैकीं त्रेसिया १९७१ सालीं केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. हें पद मिळविणारी भारतांतील ती पहिली स्त्री.

महाराष्ट्रांतील उदाहरण शकुंतला भगत यांचें. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधून १९५३ सालीं त्यांनीं स्थापत्याची पदवी घेतली. त्या पुढें मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें अध्यापक झाल्या. १९७० सालीं पति अनिरुद्ध भगत यांजसह त्यांनीं ‘क्वाड्रिकॉन’ ही पूल बांधणारी संस्था काढली. कारखान्यांत घडविलेले पोलादी भाग जागेवर जोडून पूल उभारावयाचा, ही तिची पद्धति. १९७२ सालीं हिमाचल प्रदेशांतील स्पिती येथें दोन लहान पूल चार महिन्यांत उभे राहिले.

या हकीकतींत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ललिता यांचे वडील गिंडीच्याच कॉलेजांत प्राध्यापक होते. शकुंतला भगत यांचे वडील एस. बी. जोशी हे पूल बांधणारे नामांकित इंजिनियर. कोणत्या विषयानें कोणतें दार उघडतें, हें या घरांत कोणाला शिकवावें लागलें नाहीं. ज्या घरांत असा जाणता माणूस नसतो, तेथें मुलीची आवड कमी पडत नाहीं. माहिती कमी पडते. आणि ती मिळते तेव्हां विषय ठरून गेलेले असतात.

आज महाराष्ट्रांत ही वाट दहावीनंतर फुटते. स्थापत्याच्या पदवीसाठीं बारावीला पदार्थविज्ञान व गणित हे दोन्ही विषय लागतात. तिसरा बहुधा रसायनशास्त्र असतो. मुलगी म्हणजे डॉक्टर, असें गृहीत धरून जीवशास्त्र घेतलें आणि गणित सोडलें, तर पुढें हळहळून उपयोग नाहीं. मन दोहोंकडे ओढत असेल, तर गणित व जीवशास्त्र दोन्ही घेतां येतात. श्रम मात्र वाढतात. दहावीनंतर तंत्रनिकेतनांतील तीन वर्षांची पदविका घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षांत जाण्याचीहि सोय आहे.

या विषयांचा हट्ट निव्वळ परीक्षेसाठीं नाहीं. दोन टोकांवर टेकलेली तुळई घ्यावी. जाडी-रुंदी तीच, प्रत्येक फुटावरील भार तोच, आणि लांबी मात्र दुप्पट. तर तिचा मधला झोल दुप्पट न होतां सोळापट होतो. हें डोळ्यांना सुचत नाहीं, गणितच सांगतें. सिमेंट वाळून घट्ट होत नाहीं, पाण्याशीं त्याचा संयोग होऊन तें घट्ट होतें. म्हणून नव्या स्लॅबवर पाणी धरतात. हें रसायनशास्त्र सांगतें. माती, नदी व पाऊस यांची ओळख भूगोल करून देतो; आणि मनांतील वास्तु कागदावर उतरविण्याची संवय चित्रकलेनें लागते. मराठी व इंग्रजीकडेहि दुर्लक्ष नसावें, कारण कामाचा अहवाल दुसऱ्याला कळेल असा लिहावा लागतो.

गणितांत गुण कमी पडले म्हणून पुष्कळ घरांत विषय लगेच सोडवितात. मुलगा असला तर त्याच गुणांवर शिकवणी लावतात. मुलींच्या हायस्कुलावरून पुण्यांत जो वाद झाला, तो वर्तमानपत्रांतून केव्हांच गेला. तो अजून चालतो तो अशा घरांत, दहावीच्या निकालानंतरच्या आठवड्यांत. पूल बांधावयाची इच्छा असलेल्या मुलीला त्या आठवड्यांत घरांतील मोठ्या माणसांनीं निदान विचारावें, आणि तिचें उत्तर ऐकल्यावरच अर्ज भरावा.