चूल, ओटा आणि सणाची आरास

राजांच्या लढायांचा इतिहास लिहिला जातो, किल्ल्यांचा व कारखान्यांचाही लिहिला जातो. परंतु ज्या चार-सहा हात जागेत घरातील स्त्रीचे निम्मे आयुष्य जाते, त्या स्वयंपाकघराचा इतिहास लिहिण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. चाकणचा संग्रामदुर्ग १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाविरुद्ध सुमारे दोन महिने लढविला, हे आपल्या शाळकरी मुलांस तोंडपाठ असते. पण त्याच चाकणच्या पंचक्रोशीत आपल्या पणजीची चूल कोठे होती, तिचा धूर कोठून बाहेर जाई, आणि ती चूल जमिनीवरून ओट्यावर केव्हा आली, हे विचारले तर मोठीही माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही हाच विषय घेतला आहे. विषय घरगुती असला तरी क्षुल्लक नाही, हे लेख संपेपर्यंत वाचकांच्या ध्यानी येईल, अशी आशा आहे.

मावळ व खेड तालुक्यांतील जुन्या घरात स्वयंपाकघर बहुधा मागील बाजूस, माजघराच्या आत असे. मातीची चूल, तिच्या बाजूस वैल, मागे भाणवस, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड, भिंतीत कोनाडे व फडताळ, आढ्याला शिंके, आणि खाली पाटा-वरवंटा व उखळ. एवढ्यात संसार मावे. या साऱ्या मांडणीत विकत आणलेली वस्तू थोडी आणि हाताने केलेली फार. चूल घरचीच बाई घाली. माती, भुसा व शेण मळून ती आकारास आणी आणि तडा गेला की लिंपून टाकी. जमीन सारवण्यास शेण, भिंतीस पांढरी माती किंवा चुना, काठास गेरूची वा कावेची पट्टी. अंधाऱ्या घरात उजेड हवा असेल तर छपरात एखादे काचेचे कौल बसवीत. एका कौलाच्या खर्चात दिवसभराचा दिवा होई. कमी पैशात घर सुधारण्याची युक्ती ही आजच्या काळाने शोधून काढलेली नाही, हे यावरून दिसेल.

आता आपल्या सणांकडे या दृष्टीने पाहावे. आपण ज्यास सणाची सजावट म्हणतो ती मुळात घराची वार्षिक डागडुजी होती. पावसाळ्यात भिंती ओल धरतात, बुरशी येते, कीड वाढते. म्हणून पाऊस सरताच दसरा-दिवाळीच्या सुमारास घरास चुना काढावयाचा. चुना स्वभावतः दाहक असल्यामुळे बुरशी व किडे मारतो, आणि भिंतीवर वाळताना हवेतील कर्बवायू शोषून पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. त्यात थोडी नीळ घातली म्हणजे शुभ्रपणा खुलतो. आषाढ अमावास्येस दिव्यांची पूजा. पण त्या निमित्ताने ऐन पावसाळ्याच्या अंधारात घरातील सारे दिवे घासूनपुसून तयार होत. संक्रांतीस सुगडांची पूजा. त्यामुळे कुंभाराच्या घरी वर्षाकाठी पैका जाई. खंडेनवमीस विळी, कोयता, पाटा यांस हळदकुंकू. म्हणजे धार लावणे व टाकी घालणे हे आधी आलेच. नागपंचमीस तवा चुलीवर ठेवावयाचा नाही व चिरावयाचे नाही. त्या दिवशी निदान भाकरी थापणाऱ्या हातांस विसावा मिळे. श्रावणात स्वयंपाकघराच्या भिंतीवर जिवतीचा कागद लागे, चैत्रात गौरीपुढे जुने डबे व पाट यांच्या पायऱ्या करून त्यांवर घरातीलच लुगडे अंथरून आरास मांडली जाई. शोभा व उपयोग यांची अशी सांगड त्या जीवनात होती.

मात्र एवढे सांगून जुन्या काळाचे गोडवे गात बसणे आम्हांस मान्य नाही. त्या चुलीचा धूर कोणाच्या डोळ्यांत गेला, याचाही हिशेब इतिहासाने ठेवला पाहिजे. फुंकणीने फुंकून फुंकून कित्येक बायांची दृष्टी मंदावली, छाती भरली आणि कंबर वाकली. हा प्रश्न प्रथम गंभीरपणे हाती घेणाऱ्यांत वर्ध्याची मगनवाडी अग्रेसर होती. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे हे ठिकाण, तेथे जे. सी. कुमारप्पा यांच्या काळात बिनधुराची ‘मगन चूल’ तयार झाली. पुढे हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ साली धुराड्याच्या चुलीवर पुस्तिकाच प्रसिद्ध केली. या चुलींचे तत्त्व साधे आहे. जाळ एका बंद मार्गाने दोन-तीन भांड्यांखालून न्यावयाचा आणि उरलेला धूर धुराड्यातून छपरावर सोडावयाचा. सामग्री म्हणजे तीच माती व तीच विटांची तुकडी. पुढे १९८० नंतर सरकारने देशभर सुधारित चुलींचा कार्यक्रम चालविला, आणि आपल्या फलटण-पुण्याकडील ‘आरती’ या संस्थेने १९९६ पासून या कामी चांगले संशोधन केले. तात्पर्य, स्वयंपाकघरातील पहिली खरी सुधारणा चकचकीत नव्हती; ती मातीची होती आणि तिचे माप स्त्रीच्या डोळ्यांतील पाणी हे होते.

यानंतर आपल्या भागात कारखाने आले. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले, १९६६ साली टेल्कोने पुण्याच्या या बाजूस बस्तान मांडले, आणि १९७० साली चिंचवड, पिंपरी, आकुर्डी, भोसरी ही गावे एकत्र येऊन नवनगरपालिका झाली. १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. साताऱ्याकडून, नगरकडून, कोकणातून, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून माणसे येथे लोटली. आपल्या ज्ञातीची कित्येक कुटुंबेही त्याच लोंढ्यात आली. आमची पिढी १९६० च्या आगेमागे जन्मलेली. तिने हा बदल उघड्या डोळ्यांनी पाहिला आहे.

गावचे तीनखणी घर सोडून माणूस चाळीच्या दहा बाय दहाच्या खोलीत आला, तेव्हा परसू गेले, माजघर गेले, आणि स्वयंपाकघर म्हणजे खोलीचा एक कोपरा उरला. मातीच्या चुलीस तेथे जागा नव्हती. आधी कोळशाची शेगडी, मग वातीचा व पंपाचा स्टो, आणि त्याबरोबर रॉकेलची रांग आली. मुंबईस १९५५ साली गॅसची विक्री सुरू झाली होती खरी, पण कामगाराच्या घरी सिलिंडर येण्यास पुढे कितीतरी वर्षे गेली. गॅसचा नंबर लागणे ही पेढे वाटण्याजोगी वार्ता असे. शहाबादी फरशीचा किंवा काळ्या कडप्प्याचा ओटा आला, आणि शतकानुशतके उकिडवी बसून रांधणारी बाई प्रथमच ताठ उभी राहिली. काही घरांतून वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली. उभ्याने स्वयंपाक म्हणजे सोवळ्याचा भंग, असे त्यांचे म्हणणे. पण चाळीतील एका सामाईक नळाने व एका भिंतीने सोवळ्याचे पुष्कळ प्रश्न मुकाट्याने निकालात काढले. शेजारीण कोणत्या जातीची, हे विचारीत बसण्याआधी तिच्याकडून विरजण आणलेले असे.

याच काळात भांडी बदलली. तांब्या-पितळेच्या भांड्यांस कल्हई अवश्य; नाही तर आंबट पदार्थ कळकतो. कल्हईवाला भाता लावून भांडे तापवी, नवसागराची पूड टाकून कथलाची कांडी फिरवी आणि कापसाच्या बोळ्याने पुसताच काळवंडलेले भांडे रुप्यासारखे लखलखे. ते पाहण्यास मुलांचा गराडा पडे. प्रथम जर्मनची आणि नंतर स्टीलची भांडी आली, तेव्हा हा खर्च व ही कला दोन्ही मागे पडली. परंतु चाळीतील हातांची कल्पकता मेली नव्हती. डालड्याचे रिकामे डबे रंगवून धान्याचे डबे झाले व फुटके डबे तुळशीस उपयोगी पडले. दिवसा कारखान्यात फिटर असलेला गृहस्थ रविवारी भंगारवाल्याकडून पट्ट्या विकत आणून भिंतीची मांडणी जोडी. दिवाळीस बांबूच्या कामट्या व पतंगी कागद यांचा आकाशकंदील, जिन्याखाली मुलांचा मातीचा किल्ला. गणपतीस पुठ्ठा व बेगडीचे मखर. कारखान्यात खंडेनवमीस यंत्रांवर झेंडूच्या माळा चढत, आणि त्याच दिवशी घरी विळीशेजारी स्टो पुसून त्यासही हळदकुंकू लागे. गावचा सण असा यंत्रयुगात नांदू लागला.

पुढचा बदल मात्र निराळ्या जातीचा आहे. १९९९ साली बजाजचा व २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला, जमिनींस भाव आले, सदनिका उठल्या आणि तयार ‘मॉड्युलर किचन’ घरोघर शिरले. त्याच्या सोयी आम्ही नाकारीत नाही. परंतु स्वयंपाकघर ही करावयाची वस्तू न राहता दाखवावयाची वस्तू झाली. सणांचेही तेच झाले. डागडुजी गेली, नुसती सजावट उरली, आणि तीही विकतची. गणपतीची आरास थर्माकोलवर इतकी गेली की शेवटी २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्य शासनास प्लास्टिकबरोबर त्यावरही बंदी घालावी लागली.

येथे आम्ही आपल्या मंडळाच्या सभासदांशी थोडे स्पष्ट बोलू इच्छितो. मुलीस पाहावयास पाहुणे येणार म्हणून कर्ज काढून ओटा फोडणारी घरे आम्हांस ठाऊक आहेत. पाहुणे जेवून जातात; हप्ते पाच वर्षे राहतात. वधूवर मेळाव्यात गुण पाहावे, शिक्षण पाहावे, स्वभाव पाहावा; स्वयंपाकघरातील फरशीवरून घराण्याची किंमत करण्याची चाल आपल्या ज्ञातीत रुजू देऊ नये. ज्या घराने मातीच्या चुलीवर चार मुले शिकविली, त्यास कोणापुढेही मान खाली घालण्याचे कारण नाही.

मग सुधारणा करूच नये काय? अवश्य करावी, पण इतिहासाने घालून दिलेल्या मापाने करावी. पहिले माप रांधणाऱ्या व्यक्तीचे. हात काटकोनात वाकवून कोपराची उंची घ्यावी. ओटा त्याच्या सुमारे १० सेंटिमीटर खाली असावा. ओटा उंच असेल तर पायाखाली भक्कम पाट पुरतो. तोडफोडीची गरज नाही. दुसरे माप हवेचे. धूर व वाफ वर जाते, म्हणून भिंतीत छताजवळ जाळी व समोर खिडकी असली म्हणजे निम्मे काम होते. तिसरे भिंतीचे. ओलसर भिंतीवर तैलरंग दिल्यास ओल आत कोंडते व पोपडे सुटतात; अशा ठिकाणी जुना चुनाच बरा, मात्र तो भिजविताना उसळतो म्हणून डोळे जपावे. चौथे जुन्या वस्तूंचे. कडप्प्याचा ओटा घासून, सांधे पांढऱ्या सिमेंटने भरून, कपाटांची दारे तेवढी रंगविली तरी स्वयंपाकघराचे रूप पालटते.

आपल्या औद्योगिक पट्ट्यात यंत्रांच्या खोक्यांचे लाकूड स्वस्तात मिळते व त्याच्या उत्तम मांडण्या होतात. चिखली-कुदळवाडीचा भंगारबाजार यासाठी प्रसिद्ध होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये महानगरपालिकेने तेथील अनधिकृत बांधकामे पाडली, तरी असे लाकूड इतरत्र मिळतेच. ते घेताना त्यावरील शिक्का पाहावा. २००२ सालच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार ‘एचटी’ म्हणजे केवळ उष्णतेने निर्जंतुक केलेले आणि ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. स्वयंपाकघरात पहिलेच वापरावे, दुसरे घरात आणू नये. रसायन वा तेल सांडल्याचे डाग असलेले लाकूड स्वस्त असले तरी टाळावे.

शेवटी एक सूचना. आपल्या ज्ञातीत फिटर आहेत, वेल्डर आहेत, सुतारकाम व वीजकाम जाणणारे तरुण आहेत. त्याचबरोबर एकट्या राहणाऱ्या वृद्ध माता आहेत, ज्यांच्या स्वयंपाकघरात अजून एक पिवळा दिवा व गळका नळ आहे. मंडळाने दसऱ्यापूर्वीचे दोन रविवार ठरवावे आणि तरुणांनी अशा घरी जाऊन नळ दुरुस्त करावा, जाळी बसवावी, भिंतीस हात द्यावा. सामानाचा खर्च सभेच्या सत्कारातील हारतुऱ्यांहून अधिक होणार नाही. सणापूर्वी घर नीट करावयाचे हीच तर आपली जुनी रीत; आपण ती एका घरापुरती न ठेवता साऱ्या ज्ञातीपुरती करू.

घराची कळा अंगण सांगते, अशी म्हण आहे. आज अंगणे राहिली नाहीत. तेव्हा ती कळा आता स्वयंपाकघरानेच सांगावी लागेल. ती कळा फरशीच्या चकाकीत शोधू नये. रांधणारीची पाठ ताठ आहे काय, तिचे डोळे कोरडे आहेत काय आणि घर ऋणमुक्त आहे काय, यावरूनच ती पारखावी, एवढे विनवून आम्ही लेखणी आवरती घेतो.