आधी नाव झाकले, मग लिहिले

1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह बाजारात आला आणि वाचकांना कथांइतकेच एका प्रश्नाने पछाडले. ही विभावरी शिरूरकर कोण? शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातले या बाईने इतके उघड मांडले होते, की बाईच्या नावाआड कोणी पुरुष लिहीत असावा असाही तर्क लढवला गेला. मुलीच्या पगारावर घर चालते म्हणून तिचे लग्न लांबणीवर टाकणारे आईबाप त्या कथांत होते आणि असे आईबाप वाचकांतही होते. खरी लेखिका होती बाळूताई खरे, पेशाने शिक्षिका. जन्म घोडनदीचा, म्हणजे शिरूरचा, तेव्हा आडनाव घरचेच म्हणायचे. एका अविवाहित मास्तरीणबाईच्या खऱ्या नावाने हे पुस्तक निघाले असते, तर दुसऱ्या दिवशी शाळेत आणि गल्लीत काय झाले असते, ते वेगळे सांगायला नको. पुढे त्या विश्राम बेडेकरांशी लग्न होऊन मालतीबाई बेडेकर झाल्या. गुपित फुटले, तरी पुस्तकांवर विभावरीबाईच राहिल्या.

लिहायला बसणाऱ्या नवख्या माणसाच्या मनात चार शंका हटकून येतात. मला कुठे लिहिता येते? वाचणार कोण? माझी भाषा शुद्ध आहे का? आणि लोक काय म्हणतील? मराठी छपाईचा सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर पहिल्या तीन शंका हाताळायला सोप्या निघाल्या. चौथीने मात्र भल्याभल्यांना जेरीस आणले, आणि तिच्यावर लोकांनी तोड काढली ती बहुधा टोपणनावाची.

6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ हे वृत्तपत्र सुरू केले, तेव्हा ते जेमतेम विशीचे होते. त्यानंतर दहा वर्षांच्या आत, 1841 मध्ये, मुंबईत भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’ निघाले. याच पत्रात 1848 पासून एका गृहस्थाची पत्रे येऊ लागली. खाली सही ‘लोकहितवादी’. पुण्याच्या ब्राह्मणांचा आळस, पाठांतराची पोकळ विद्या, बालविवाह, विधवांचे हाल, सगळ्यावर कोरडे. लिहिणारा स्वतः ब्राह्मण, वय पंचवीस आणि नोकरी सरकारी. गोपाळ हरी देशमुखांनी खऱ्या नावाने ही पत्रे लिहिली असती, तर त्यांना घराबाहेर पडणे अवघड झाले असते. दोनेक वर्षांत पत्रांची संख्या शंभरावर गेली आणि ‘शतपत्रे’ हे नाव त्यांना कायमचे चिकटले. गंमत अशी की संरक्षणासाठी घेतलेले नावच पुढे खऱ्या नावाला वरचढ झाले. देशमुख न्यायाधीश झाले, रावबहादूर झाले, पण आजही शाळेतले पोर त्यांना लोकहितवादी म्हणूनच ओळखते.

त्याच काळात एका मुलीने नाव झाकले नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे तेव्हा चौदा वर्षांची होती. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 1855 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदय’च्या दोन अंकांत छापून आला. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, हा तिचा सवाल प्रसिद्ध आहे. पण निबंधातली सर्वांत जिव्हारी लागणारी जागा दुसरीच आहे. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नसते, थंडीवाऱ्यात आणि पावसात तिचे काय होते, हे ती सांगते तिथे. हे लिहायला तिला कोणाचे पुस्तक उघडावे लागले नसणार. जे रोज डोळ्यांसमोर होते तेच तिने कागदावर उतरवले. ‘माझ्याकडे सांगण्यासारखे काय आहे’ म्हणणाऱ्यांनी हा निबंध जरूर वाचावा. चार-पाच पानांचा तर आहे.

नावानिशी लिहिण्याची किंमत ताराबाई शिंद्यांनी मोजली. सुरतेतल्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर नवजात अर्भकाच्या हत्येचा खटला झाला आणि वर्तमानपत्रांनी सगळ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. त्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाईंनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. 1882 मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ती छापली गेली. भाषा अशी तिखट की आजच्या वाचकालाही ठसका लागावा. टीका इतकी झाली की जोतीरावांना आपल्या ‘सत्सार’च्या अंकात ताराबाईंची बाजू घ्यावी लागली. त्यानंतर ताराबाईंनी काही प्रसिद्ध केल्याचे आढळत नाही. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा प्रकाशात आणले. भीड सोडून लिहा, असा सल्ला देणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये. भीती दर वेळी मनाचा खेळ नसते.

बायकांनी आणखी एक आडोसा शोधला होता, नवऱ्याच्या आठवणींचा. रमाबाई रानड्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ 1910 मध्ये आले, गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या प्रस्तावनेसह. वरवर पाहता ते त्यांच्या पतीचे, न्यायमूर्ती रानड्यांचे पुस्तक. वाचत गेले की कळते, वाचायला शिकते म्हणून घरातल्या बायकांचे टोमणे गिळणाऱ्या मुलीची ती गोष्ट आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ही अशीच, नारायण वामन टिळकांचे बोट धरून सुरू होणारी. लक्ष्मीबाईंनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. लिहा-वाचायला त्या लग्नानंतर घरीच शिकल्या. शुद्धलेखन पक्के होण्याची वाट पाहत त्या बसल्या असत्या, तर 1934 ते 1936 दरम्यान आलेले ते चार भाग मराठीला मिळालेच नसते. भाषेची शंका यांच्याइतकी सपशेल कोणीच निकालात काढलेली नाही.

मग स्वातंत्र्यानंतर तरी भीड चेपली का? फलटणच्या बेबीताई कांबळे यांची हकिकत पाहा. नवऱ्याबरोबर त्या एक लहानसे दुकान चालवत. माल बांधून द्यायला रद्दीची वर्तमानपत्रे असत. गिऱ्हाईक नसले की ती वाचायची. त्यातून लिहायची ऊर्मी आली. मात्र लिहिलेले घरच्यांना दिसता कामा नये, नवऱ्याला तर नाहीच. म्हणून कागद दडवून ठेवायचे, कोणाचा हात सहसा जाणार नाही अशा जागी. असे सुमारे वीस वर्षे चालले. फलटणमध्ये शिक्षणाचे काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते लेखन बाहेर आले, ‘स्त्री’ मासिकात क्रमशः छापले गेले आणि 1986 मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले. इथे टोपणनावाचा उपयोग नव्हता, कारण भीती गावाची नव्हती, घराची होती.

दया पवारांनी तर एका माणसाचे दोन केले. 1978 च्या ‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो ती दया पवार नावाच्या पांढरपेशा लेखकाला. दोघे एकच, पण जे दया पवारला स्वतःच्या तोंडाने सांगणे जड गेले असते ते दगडू बिनदिक्कत सांगून जातो. पुस्तकानंतर आप्तस्वकीयांची नाराजी यायची ती आलीच.

यांतल्या अनेकांच्या पाठीशी एक-एक माणूस होता, ही गोष्ट सहसा नजरेआड होते. लोकहितवादींची पत्रे छापणारे भाऊ महाजन, मुक्तेमागे फुले दांपत्य, विभावरीबाईंचे गुपित सांभाळणारे प्रकाशक ह. वि. मोटे, बेबीताईंना भेटलेल्या मॅक्सीनबाई. पहिला वाचक मिळाला की बाकीच्यांची भीती आटोक्यात येते. आपल्या घरात आजीची, मावशीची, एखाद्या अबोल काकांची वही कपाटात पडून असेल, तर ती रद्दीत घालण्याआधी निदान एकदा वाचा, आणि वाचल्याचे त्यांना सांगा.