सह्यांचे मोल

शाळांतील वर्णभेदाविरुद्धच्या लढ्याचा इतिहास सांगताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १७ मे १९५४ चा निर्णय आवर्जून सांगितला जातो. नऊ न्यायमूर्तींनी एकमताने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या. परंतु निकालपत्र हा इतिहासाचा शेवट असतो. आरंभ अर्जांच्या कागदांत सापडतो.

‘ब्राउन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या निकालात चार राज्यांचे खटले एकत्र होते. त्यांपैकी दक्षिण कॅरोलिनातील क्लॅरेन्डन परगण्याच्या खटल्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तेथील काळ्या पालकांची पहिली मागणी अगदी साधी होती: मुलांना शाळेत नेण्यासाठी एक बस. लेव्हाय पिअर्सन या शेतकऱ्याचा तो दावा १९४८ मध्ये तांत्रिक कारणाने बारगळला. तेव्हा धर्मोपदेशक जोसेफ डिलेन यांनी समान शाळांची मागणी करणारा अर्ज तयार करविला. १९४९ च्या या अर्जावर शंभराहून अधिक सह्या झाल्या. खटल्याला हॅरी ब्रिग्ज यांचे नाव मिळाले. पेट्रोल पंपावरील त्यांची नोकरी गेली. मोटेलमध्ये काम करणाऱ्या त्यांच्या पत्नी एलायझा यांचीही गेली. १९५५ मध्ये डिलेन यांचे चर्च जाळण्यात आले व त्यांना राज्य कायमचे सोडावे लागले.

याच खटल्यात मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांची साक्ष झाली. त्यांनी परगण्यातील १६ काळ्या मुलांपुढे गोऱ्या व सावळ्या बाहुल्या ठेवल्या. ११ मुलांनी सावळी बाहुली ‘वाईट’ ठरविली. १९५१ मध्ये तीनपैकी दोन न्यायाधीशांनी वेगळ्या शाळा वैध मानल्या. वेटीज वेअरिंग यांनी मात्र विरोधी मत नोंदविले. तीन वर्षांनी सर्वोच्च न्यायालय त्याच निष्कर्षाला आले.

अर्जाचे सामर्थ्य बाबासाहेबांनी ओळखले होते. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील निग्रो जनतेने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या. ते पत्र आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील डू बॉइस यांच्या कागदपत्रांत जतन केलेले आहे.

निकाल एखाद्या पक्षकाराच्या नावाने ओळखले जातात. सह्या करणाऱ्यांची नावे दप्तरात राहतात. आपल्या गावोगावच्या लढ्यांतील अर्ज, निवेदने, सह्यांचे कागदही घराघरांतील पेट्यांत पडून आहेत. वाळवी लागण्यापूर्वी ते जपणे, ही आम्हा सर्वांची जबाबदारी आहे.