पाडस, पारधी आणि कॅमेरा

हिंगोली जिल्ह्यात हरणांची छायाचित्रे काढायला निघालेल्याने 'जंगल' हा शब्द आधी बाजूला ठेवावा. इसापूर धरणाच्या अंगाने, पैनगंगेच्या काठी थोडे वनक्षेत्र आहे. नदीपलीकडे यवतमाळ-नांदेडच्या बाजूला पैनगंगा अभयारण्यही आहे. पण या मुलखाचे खरे हरीण म्हणजे काळवीट, आणि काळवीट हा झाडीतला प्राणी नव्हे. माळ, गायरान, पडीक आणि उभे पीक हेच त्याचे घर. (प्राणिशास्त्र त्याला चितळ-सांबरांच्या कुळात बसवत नाही, कारण त्याची शिंगे दरवर्षी गळून पुन्हा उगवत नाहीत. मराठीने हा भेद कधी मनावर घेतला नाही. आम्हीही येथे घेत नाही.) या प्राण्याकडे कॅमेरा घेऊन जाण्याची रीत शिकारीच्या पोटी जन्मली, एवढे बहुधा सर्वमान्य आहे. आम्हाला त्यापुढे जाऊन असे वाटते की कॅमेऱ्याने शिकाऱ्याकडून घेतलेले नाही असे त्यात एकच आहे, ते म्हणजे पाडस.

उघड्या माळावर काळविटाजवळ पोचणे ही मूळची पारध्याची विद्या. फासेपारधी शिकवलेल्या बैलाच्या आडून चालत. बैल चरत चरत पुढे सरके, त्याच्या आडचा माणूस कळपाच्या ध्यानात येत नसे, आणि हरणांच्या वाटेवर फासांची रांग आधीच मांडलेली असे. गोऱ्या अधिकाऱ्यांनी यातले तत्त्व उचलून बैलाच्या जागी बैलगाडी आणली. पायी येणाऱ्या माणसाला पाहून काळवीट उधळते, रोजच्या वहिवाटीतल्या गाडीला ते बुजत नाही. हिंगोली ही १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची महत्त्वाची छावणी होती. अशा छावण्यांतल्या अधिकाऱ्यांच्या फावल्या वेळाचा मोठा भाग काळविटाच्या शिकारीत जात असे. आजचा छायाचित्रकार चारचाकीच्या खिडकीवर भिंग टेकवून बसतो आणि खाली उतरत नाही, तेव्हा तो हाच धडा गिरवत असतो. फरक पडला तो पारध्याला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून सुरू झालेल्या धोरणाने ठिकठिकाणच्या पारध्यांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसवला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, तरी शिक्का पुसला गेला नाही. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत घातले. ते योग्यच झाले. पण माळाची खडान्खडा माहिती असलेल्या माणसाच्या हातचे काम गेले आणि त्याच्या हाती दुसरे काही आले नाही.

हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती, म्हणून त्या दरबारच्या छायाचित्रकाराकडे वळणे क्रमप्राप्त आहे. लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांना सहाव्या निजामाने, महबूब अली खान यांनी, 'राजा' आणि 'मुसव्विर जंग' ही बिरुदे दिली. त्यांनी काढलेल्या शिकारीच्या छायाचित्रांत जनावर दिसते ते बहुधा मेल्यानंतर. १९०२ मध्ये वारंगळजवळ नेकोंडा येथे काढलेले लॉर्ड आणि लेडी कर्झन यांचे चित्र प्रसिद्ध आहे: पुढे मारलेला वाघ, मागे उभयता. यात दरबारी थाट आहेच, पण यंत्राची मर्यादाही आहे. ओल्या काचेच्या जमान्यात हलणारे जनावर टिपणे जवळपास अशक्य होते. कोरड्या काचा आल्यावरही जड पेटी, तिवई आणि आखूड पल्ल्याची भिंगे घेऊन कळपाजवळ जाणार कोण? मेलेले जनावर मात्र हवे तितका वेळ स्थिर राहते.

जिवंत हरणाचे छायाचित्र आले ते दूर अमेरिकेतून, आणि तेही शिकारीच्याच वाटेने. जॉर्ज शायरस हा मूळचा शिकारी. होडीच्या टोकाशी जाळ पेटवून पाण्यावर आलेल्या हरणाला दिपवायचे आणि चमकत्या डोळ्यांमध्ये नेम धरायचा, ही तिकडच्या आदिवासींची रात्रीची रीत त्याला ठाऊक होती. त्याने जाळ तसाच ठेवला आणि बंदुकीच्या जागी कॅमेरा व चमकणारी दारू आणली. जुलै १९०६ च्या 'नॅशनल जिऑग्राफिक'मध्ये त्याची ७४ छायाचित्रे छापली गेली. आपल्याकडे संयुक्त प्रांतातल्या फ्रेडरिक चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने वाटेवर तार ताणून, जनावराच्या पायानेच कॅमेऱ्याचा खटका ओढवला. त्याचे पुस्तक १९२७ चे. वाटेवर आडवी तार आणि वाटेवर मांडलेला फास यांतले साम्य आम्ही सुचवण्याची गरज नसावी.

आता पाडस. शिंगांसाठी शिकार करणाऱ्याला पाडसाचा उपयोग नव्हता. भिंतीवर टांगावे असे त्याच्याजवळ काही नाही. साहित्यात मात्र ते फार पूर्वी आले. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात मान वळवून मागे पाहत धावणारे, तोंडातले अर्धे चावलेले दर्भ सांडणारे हरीण आहे. ते धनुर्धराच्या नजरेने पाहिलेले चित्र, आणि आजच्या छायाचित्रकारांना तेवढेच हवे असते. चौथ्या अंकात निरोपाच्या वेळी शकुंतलेचे वस्त्र ओढणारे, तिने वाढवलेले पाडस आहे. ते पाहणारी नजर निराळी. कॅमेऱ्याने ही दुसरी नजर घेतली असे आपण समजतो, पण जन्मलेल्या पाडसाची रीत लक्षात घेतली म्हणजे शंका येते. काळविटाचे पाडस पहिले काही दिवस गवतात किंवा पिकात निश्चल पडून राहते. आई लांब चरते आणि पाजण्यापुरती येते. कोणी जवळ आले की ते पळत नाही, आणखी चिकटून पडते. अशा वेळी मिळणारे मोठ्या डोळ्यांचे सुरेख चित्र हे भीतीचे चित्र असते. माणूस हलेपर्यंत आई परतत नाही, हे त्या चौकटीत मावत नाही.

मराठी वाचकाच्या मनात 'पाडस' म्हणताच राम पटवर्धनांनी केलेला रॉलिंग्जच्या 'द यर्लिंग'चा अनुवाद उभा राहतो. तेथे पोराने जीव लावून वाढवलेले पाडस मोठे होते, पिकाची नासाडी करू लागते, आणि शेवटी त्याच पोराला गोळी घालावी लागते. फ्लोरिडातली ही कथा हिंगोलीच्या शेतकऱ्याला परकी वाटू नये. सोयाबीनचे कोवळे अंकुर कळपाने एका रात्रीत खुडले, की नुकसानभरपाईसाठी पंचनामा, अर्ज, फेऱ्या सुरू होतात. हरणांच्या देखण्या छायाचित्रांत हिरवे दिसते ते पुष्कळदा गवत नसून हेच पीक असते. ते कोणाचे, हे चित्राखाली लिहिलेले आम्ही क्वचितच पाहिले आहे.

पाडसाचे सर्वांत जास्त छापले जाणारे चित्र तर वेगळेच आहे. कापणीत किंवा बांधाला पाडस सापडते. आईने टाकले असे समजून माणसे ते उचलून घरी आणतात, गाईचे दूध पाजतात, मग वनखात्याला कळवतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर 'पाडसाला जीवदान' असा मथळा येतो. खाली पाच-सात माणसे ओळीने उभी, मध्यभागी एकाच्या हातात पाडस, सगळ्यांचे डोळे कॅमेऱ्याकडे. मांडणी दीनदयाळांच्या काळातलीच आहे, फक्त जनावर जिवंत आहे. आणि त्याची आई त्या वेळी बहुधा कापलेल्या रानात फिरत असते.